तीन आकड्यांसाठी लवाजमा

कल्याणहून विठ्ठलवाडी म्हणजे पुढचंच स्टेशन. तेवढ्यासाठी कोणी बर्थ राखून, वळकटी बांधून निघाला तर लोक हसतील. कंपायलरने तेच केलं तर त्याला ‘ओ-थ्री’ म्हणतात. पूर्णांकांची बेरीज करणारा दोन ओळींचा लूप जीसीसी या कंपायलरला ऑप्टिमायझेशनच्या या पातळीवर द्या. चार-चार संख्या एका दमात उचलणारा व्हेक्टर कोड बाहेर पडतो. आधी लांबीची तपासणी, शेवटी उरलेल्यांची वेगळी सोय. संख्या तीनच असतील तर मुख्य यंत्रणा शोभेपुरती. काम उरलेल्यांच्या खात्यातच उरकतं, वर तपासणीचा भुर्दंड आणि फुगलेला कोड.

लांबी कंपायलरला कुठून कळणार, हा आक्षेप रास्त आहे. लाखभर संख्या आल्या तर हा थाट वसूलही होतो. पण काहीच माहीत नसताना मोठंच गिऱ्हाईक येणार हे धरून चालणं, ही निव्वळ हौस. खुद्द जीसीसीने २०२२मध्ये बाराव्या आवृत्तीत खालच्या ‘ओ-टू’ पातळीला व्हेक्टरीकरण खुलं केलं, तेही हात आखडून: एकेक संख्या घेणारा मूळ कोड पूर्णपणे हटणार असेल तरच. प्रोग्रॅम चालवून जमवलेली माहिती पुरवली, तर ‘ओ-थ्री’लाही बरंच शहाणपण येतं. ती पुरवायची कोणी? प्रोग्रॅमर तर ‘ओ-थ्री’ लिहून केव्हाच चहाला गेलेला असतो.