गच्चीवरचे अण्णा

सोलापूरला पाऊस तो केवढा, तिथे काय छत गळणार, असं पुण्यामुंबईच्या माणसाला वाटतं. जून-जुलैत सोलापूरकरालाही तसंच वाटतं. मृग कोरडा जातो, आर्द्रा नुसते ढग दाखवते, आणि गच्चीची डागडुजी ‘दिवाळीनंतर बघू’ यादीत जाऊन पडते. मग सप्टेंबर उजाडतो. इथला खरा पावसाचा महिना तोच. उत्तरा नक्षत्र एका रात्रीत सगळी थकबाकी वसूल करतं, घरोघरी बादल्या मांडल्या जातात, खाली टॉवेल अंथरले जातात (टॉवेलांना या गावात तोटा नाही), आणि सकाळी सातला फाटकाची कडी वाजते.

दारात अण्णा उभे असतात. पँट दोन वळ्या दुमडलेली, हातात काठी. चेहऱ्यावर सांत्वनाला आलेल्या माणसाचा भाव, पण डोळ्यांत चमक.

“तुमचंबी गळालंय म्हणं?”

जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो की जुन्या पेठा, गल्लीगणिक असे एक अण्णा असतातच. ते निवृत्त असतात आणि नोकरी बांधकाम सोडून कुठल्याही खात्यात झालेली असते. त्यांचा बांधकामाचा सगळा अनुभव म्हणजे स्वतःचं घर बांधताना समोर खुर्ची टाकून गवंड्याला दिवसातून तीनदा स्लॅबवर पाणी मारायला लावलेलं. तेवढ्या भांडवलावर ते पंचवीस वर्षं सल्ला देत आहेत.

आल्या आल्या ते छताकडे बघत नाहीत. आधी चहा घेतात. मग काठीनं वर डाग दाखवून विचारतात, “पाणी इथं पडतंय, पण येतंय कुठनं?” घरमालक बिचारा डागाच्या बरोब्बर वर बोट दाखवतो. अण्णांना तेच हवं असतं. “पंख्याच्या हुकातनं ठिबकतंय म्हणजे पंख्याच्या डोक्यावर भेग हाय असं नसतंय ओ! स्लॅबमध्ये वायरिंगच्या पायपा असतेत. पाणी त्यातनं चालत येतंय.” हे मात्र शंभर टक्के खरं असतं. अण्णांची पंचाईत हीच, की ते बऱ्याचदा बरोबर असतात आणि त्यामुळे त्यांना घालवताही येत नाही.

वर गेल्यावर ते कोब्यावर काठी आपटत फिरतात. विटांचे तुकडे मसाल्यात बसवून उताराचा थर द्यायचा आणि वर सिमेंट घोटायचं, तो हा कोबा. ‘टण’ वाजला तर कोबा धडधाकट, ‘बद’ वाजला तर खालून सुटलेला. दर ‘बद’ला अण्णा खडूनं फुली मारतात. तासाभरात गच्चीवर इतक्या फुल्या होतात की घरमालकाला कोब्यापेक्षा खडूचीच भीती वाटायला लागते. शेवटी ते कठड्याच्या मुळाशी उकिडवे बसतात. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा स्लॅब तापून पसरतो आणि रात्री आकसतो. विटांचा कठडा त्याच्या मापानं हलत नाही, म्हणून भेग पहिल्यांदा दोघांच्या सांध्यात पडते. तिथे सिमेंटचा गोलसर वाटा हवा असतो. तो नसतो. असतो तो पिंपळ, चार पानांचा.

खालच्या खोलीला दोनदा महागडा रंग दिल्याचं कुणी सांगितलं की अण्णा कपाळाला हात लावतात. वरचं पाणी बंद न करता आतून रंग चढवला की ओल रंगामागे अडते आणि वर्षभरात पोपडे धरतात. पण हे ऐकायला सोपं आणि पटायला अवघड. रंग पाहुण्यांना दिसतो, वाटा दिसत नाही.

माळवदाचा विषय निघाला की मात्र अण्णांचा आवाज बदलतो. तुळया, त्यावर फळ्या, मग पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असं त्यांच्या आजोबांचं घर होतं. काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून ती वर्ज्य. पावसाआधी नवी पांढरी माती टाकून चोपायची, पन्हळ मोकळा करायचा. उन्हाळ्यात आत गारवा. दरसाल माती चढवत गेल्यानं तुळयांवर ओझं वाढतं आणि एखाद दिवशी छतच खाली येतं, हा भाग अण्णा सांगत नाहीत. तेवढा प्रामाणिकपणा आठवणींच्या धंद्यात परवडत नाही.

14 ऑक्टोबर 2020 हा त्यांच्या कारकिर्दीचा सुवर्णदिन. बंगालच्या उपसागरातलं वादळी वारं आदल्या दिवशी काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं आणि तेलंगण ओलांडून सोलापूर जिल्ह्यावर कोसळलं. त्या आठवड्यात अण्णांना जेवायला उसंत नव्हती.

पण त्यांचा आवडता रुग्ण म्हणजे भर मे महिन्यात गळणारं घर. आभाळात ढग नाही आणि छत ओलं! वर्षानुवर्षं या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून प्रत्येक गच्चीवर मोठाल्या टाक्या. पाणी आलं की मोटर चालू होते, टाकी भरून वाहते आणि ज्या गच्चीनं पाऊस पाहिलेला नाही ती आठवड्यातून दोनदा न्हाते. “सोलापुरात पाऊस कमी नाही ओ,” अण्णा म्हणतात, “मोटरीचा धरला तर कोकणात जमा व्हतंय.”

अण्णांचं स्वतःचं घर ठणठणीत कोरडं आहे. श्रेय ते कोब्याच्या उताराला देतात: दहा फुटांना सव्वा इंच, पट्टीनं मोजलेला. प्रत्यक्षात शेवटच्या कुरडया वाळल्या की मृगाआधी काकू खराटा घेऊन वर जातात आणि पाइपाच्या तोंडातून पानं, चेंडू, क्लिपा आणि एखादी फुटकी कुरडई काढून टाकतात. याबद्दल त्या कुणाला सल्ला देत नाहीत.

वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार हा अण्णांचा नैसर्गिक शत्रू. तो दहा वर्षांची गॅरंटी देतो. “दहा वर्षं तुमी ऱ्हाणार का हितं? आमची पोरं इंजिनियर झाली की पुण्याला जातेत.” ठेकेदार वरमतो आणि म्हणतो, काम झाल्यावर पाइप बुजवून गच्चीत दोन इंच पाणी दोन दिवस साठवून दाखवतो. शास्त्र म्हणून उत्तमच. पण हजार चौरस फुटांच्या गच्चीत दोन इंच म्हणजे साडेचार हजार लिटरांच्या वर पाणी. एवढं पाणी नुसतं बघायला साठवणार, या कल्पनेनं अख्खी गल्ली हळहळते.

तरी ते भरलं जातं. अण्णा कठड्यावर खडूनं पातळीची रेघ मारतात आणि खुर्ची टाकून पहाऱ्याला बसतात. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली अर्धा इंच. हे स्लॅबनं प्यालं की सूर्यानं, यावर अण्णा आणि ठेकेदार यांची जुंपते. दोघांपैकी खाली जाऊन छत बघायचं कुणालाच सुचत नाही. तेवढ्यात जिन्यातून काकूंची हाक येते, “छत कोरडं हाय, म्या बघून आले. आन् नळाला पाणी आलंय, मोटर लावा!” ठेकेदारासकट सगळे खाली पळतात.