सगळे रजेवर

तात्या लांबून येताना दिसले की वाडीतली तरणी पोरं गडग्यावरून उड्या टाकून पसार होतात. तात्या उधार मागत नाहीत, वर्गणीचं पावतीपुस्तकही आणत नाहीत. ते १९४६ सांगायला येतात.

होमगार्डच्या प्रत्येक पथकात असा एक तात्या असतो. रत्नागिरीत तर असावाच लागतो, कारण इथला पोरगा बारावी झाला की मुंबईची गाडी धरतो आणि पथकाचा पट रिकामा होतो. अमेरिकेच्या नॅशनल गार्डमध्ये माणसं टिकवायला पूर्णवेळ पगारी सार्जंट असतात, राहणाऱ्याला बोनसही मिळतो. आमच्या मानसेवी तात्यांकडे एक वही आहे आणि एक तारीख.

तारीख ६ डिसेंबर १९४६, होमगार्डचा जन्मदिवस. "मुंबईत दंगली पेटलेल्या. मोरारजीभाई देसाई गृहमंत्री..." की झालं सुरू! पोरगा म्हणतो, आंबे उतरवायचेत, तात्या १९४६. दुसरा मिरकरवाड्याहून बोटीवर निघालाय, त्यालाही १९४६. एकदा एका पोराच्या साखरपुड्यात पेढा तोंडात असतानाच त्यांनी भावी सासऱ्यांना गाठलं आणि दंगलीतून काढून थेट १९६२ पर्यंत आणलं. चीनच्या आक्रमणानंतर राज्याराज्यांतली स्वयंसेवी दलं होमगार्ड या एकाच नावाखाली आली, हा त्यांचा उत्तरार्ध. मुलीकडच्यांचा चहा तेवढ्यात दोनदा निवला.

दलाचं ब्रीद 'निष्काम सेवा'. त्यातला 'निष्काम' सरकारने शब्दशः घेतला असावा, कारण भत्ता बंदोबस्ताच्या दिवसांचाच. गणपती, शिमगा, निवडणूक. एरवी घरी बसा. ऑक्टोबर २०२४ पासून रोजचा भत्ता ५७० रुपयांवरून १०८३ झाला, तेव्हा गडग्यापलीकडची चार पोरं आपल्या पायांनी चालत आली.

"तात्या, वर्षाला दिवस किती मिळतील?"

तात्यांनी खाकरून १९४६ काढलं.

आता यातली खोड बघा. पोलीस भरतीत होमगार्डसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, पण आधी तीन वर्षं सेवा हवी. म्हणजे पोरगा टिकतो तो जाण्यासाठीच. आणि ज्यांनी पोरं धरून ठेवायची, तेच तात्या पहाटे साडेपाचला मैदानात घड्याळ घेऊन त्यांना १६०० मीटर पळवत असतात. गोळाफेकीचा गोळासुद्धा पदरच्या पैशाने आणलेला. "सहा मिनिटांच्या वर गेलास तर परत माझ्याच कवायतीला येशील!" अशी धमकी. पोरं घाबरून पळतात, भरती होतात आणि तात्यांचा पट पुन्हा गळतो.

गेल्या गणपतीत हातखंब्याच्या तिठ्यावर चाकरमान्यांच्या गाड्या अडकल्या होत्या. ड्युटीवरचा शिपाई तात्यांचाच जुना गडी. त्याने खुर्ची पुढे केली. "बसा तात्या, मी बघतो." तात्या बसले नाहीत. शिट्टी फुंकत एका मोटारीपाशी गेले आणि हॉर्न वाजवणाऱ्या गृहस्थांना ६ डिसेंबर सांगू लागले.

खुर्चीवर वही राहिली होती. शिपायाने सहज उघडली. पटावर सगळे होते: मुंबईला गेलेला, बोटीवरचा, दुबईचा, एकाचंही नाव खोडलेलं नव्हतं. त्याचं स्वतःचंही नव्हतं. प्रत्येकासमोर तात्यांच्या वळणदार अक्षरात एकच शेरा होता, 'रजेवर'.

त्याने वही मिटली आणि गाड्या सोडायला गेला.