गुप्त मतदान, उघड गुपित

2024च्या विधानसभेआधी भाजपने पदाधिकाऱ्यांकडून पसंतीची नावे बंद लिफाफ्यात मागवली. जळगाव-धुळ्याकडचा पदाधिकारी अशा दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घालून येतो आणि हाताचा आडोसा धरून चिठ्ठी भरतो. पहिले नाव साहेबांचे, दुसरे साहेबांना चालेल असे, तिसरे साहेबांना ज्याच्यापासून धोका नाही असे. मतदान अगदी गुप्त. बाहेर पडल्यावर साहेबांना तेवढा एक फोन.

जळगावकर हे कौतुकाने बघतात. 2019च्या लोकसभेला याच पक्षाने स्मिता वाघांची जाहीर झालेली उमेदवारी काढून उन्मेष पाटलांना दिली. 2024ला पाटलांना वगळून वाघांना. दोन्ही वेळा जागा निघाली. म्हणजे वरच्यांना लिफाफ्याची गरज नाही, आणि मतदाराला नावाची.

काँग्रेसने 2014ला वर्धा आणि लातूरला कार्यकर्त्यांचे खरेखुरे मतदान घेऊन उमेदवार ठरवले. दोघेही पडले.

तरी लिफाफे हवेतच. उद्या कोणी बंडाचा झेंडा उचलला, तर खांद्यावर हात ठेवून म्हणता येते, ‘‘भाऊ, तुम्हाले विचारलं व्हतं ना!’’