नऊचा सहा

बिडाचा तवा हातातून पडला तर फुटतो, असं आई नेहमी बजावायची. तो कुणाला तरी पाडतो तेव्हा काय होतं, हे मात्र तिने कधी सांगितलं नव्हतं.

आमची इमारत डोंबिवलीची, चार मजल्यांची, लिफ्टशिवायची. मी दुसऱ्या मजल्यावर सहा नंबरात राहतो आणि नाना तिसऱ्यावर नऊ नंबरात. गेल्या दिवाळीआधी सोसायटीने जिना रंगवून घेतला. रंगाऱ्याने सगळ्यांच्या दारांवरचे पितळी आकडे काढले आणि काम झाल्यावर आठवतील तसे परत ठोकले. नानांच्या नऊला वर एक आणि खाली एक असे दोन खिळे होते. वरचा परत बसलाच नाही, त्यामुळे नऊ खालच्या खिळ्यावर गर्रकन फिरला आणि त्याचा सहा झाला. माझा खरा सहा रंगाऱ्याने माझ्या हातात दिला होता. तो शोकेसमध्ये शिवाजी महाराजांच्या मूर्तीशेजारी पडून आहे. म्हणजे कागदोपत्री सहा नंबर माझा आणि भिंतीवर तो नानांचा. येता-जाता सगळे बघायचे आणि हसायचे. मीही हसायचो.

अशात बायकोने फोनवरून बिडाचा तवा मागवला. साडेतीन किलोचा. तो रात्री पावणेदहाला पोहोचला. जिन्यातला दिवा आठवडाभर गेलेला होता. पार्सलवाल्या मुलाने मोबाईलच्या उजेडात सहाचा आकडा शोधला, खोका दाराशी ठेवला, फोटो काढला आणि तो पुढच्या पत्त्याकडे पळाला. पहाटे साडेपाचला नाना दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आले. कडीला लटकलेली पिशवी त्यांना दिसली, खालचा खोका दिसला नाही.

अंगठ्याशेजारच्या बोटाला चीर गेली. डॉक्टरांनी ते बोट त्याच्या शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून दिलं आणि तीन आठवडे जिना उतरायचा नाही म्हणून सांगितलं. तव्याला ओरखडासुद्धा नव्हता.

पार्सल पोहोचल्याचा पुरावा म्हणून आलेला तो फोटो मी किती वेळा पाहिला असेन कोण जाणे. मधोमध खोका, त्याच्या खाली नानांचं 'सुस्वागतम' लिहिलेलं पायपुसणं. डावीकडे नानांची एकच चप्पल, उजवीकडे त्या मुलाच्या बुटाचं फाटकं टोक. आणि खोक्यावर लाल अक्षरांत सूचना, 'जड वस्तू, सांभाळून हाताळा'. ही सूचना हाताला होती. पायाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

कंपनीकडे तक्रार करायला गेलो तर समोर चार पर्याय आले. पार्सल मिळालं नाही, उशिरा मिळालं, तुटलेलं मिळालं, चुकीची वस्तू मिळाली. 'पार्सल धडधाकट मिळालं, शेजारी तुटलेला मिळाला' असा पर्याय कुठे नव्हता. शेवटी 'इतर' वर बोट ठेवून सगळी हकिकत लिहिली. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं की आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, वस्तू परत करायची असल्यास खोका न उघडता ठेवावा.

नानांनी मला दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं, असं वाटण्याइतका त्यांनी तो दिला नाही. नाना महाडच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स घेऊन खेडोपाडी जायचं, माणूस सापडला तर त्याच्या हाती देऊन सही घ्यायची, नाही सापडला तर दारावर डकवायचं, यात त्यांची तेहतीस वर्षं गेली. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी पाचवा आदेश आणि सतरावा नियम आहे. तो नानांना व्यंकटेशस्तोत्रापेक्षा पक्का पाठ आहे.

"डकवायचं म्हणजे डकवून पळायचं नाही," पाय उशीवर ठेवून नाना म्हणाले. "कुणाच्या समक्ष डकवलं, घर कुणी दाखवलं, का डकवावं लागलं, ते सगळं लिहून कोर्टाला द्यावं लागतं. याने घर कुणाला विचारलं? आकड्याला! अरे, तेहतीस वर्षं लोकांच्या दारांवर कागद लावले. त्यातल्या अर्ध्यांची घरं बुडाली असतील, पण बोट एकाचंही मोडलं नाही."

माझी भाची कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती नानांना बघायला म्हणून वर गेली आणि दोन तास खाली आली नाही. या अपघाताला जुळणारा तिच्या अभ्यासातला सगळ्यात गाजलेला खटला तिला सापडला होता. 1924 च्या ऑगस्टमधली गोष्ट. न्यूयॉर्कमधल्या एका रेल्वे फलाटावर हेलन पाल्सग्राफ नावाची बाई आपल्या दोन मुलींना घेऊन समुद्रावर जायला निघाली होती. तेवढ्यात एक माणूस सुटलेल्या गाडीत चढायला धावला. एका गार्डने त्याला आतून ओढलं, दुसऱ्याने मागून ढकललं आणि त्याच्या काखेतलं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पार्सल रुळांवर पडलं. आत शोभेची दारू होती. स्फोट झाला आणि पार दुसऱ्या टोकाला एक भला मोठा वजनकाटा त्या बाईच्या अंगावर कोसळला. पुढे ती तोतरं बोलू लागली. ज्यूरीने तिला सहा हजार डॉलर मंजूर केले. 1928 साली वरच्या कोर्टात न्यायमूर्ती कार्डोझोंनी ते काढून घेतले. गार्डची चूक झाली असेल तर ती पार्सलवाल्याच्या बाबतीत झाली. इतक्या लांब उभ्या असलेल्या बाईला धोका आहे हे कुणाच्या ध्यानात येणार होतं? आणि ज्याची कल्पनाच करता येत नाही त्याची जबाबदारी कशी लादणार? निकाल चार विरुद्ध तीन असा लागला आणि कोर्टाचा खर्चही त्या बाईवरच पडला.

नानांनी हे डोळे मिटून ऐकलं. "आणि तो पार्सलवाला?"

"तो कोण, हे कधी कळलंच नाही, आजोबा."

"नव्वद टक्के खटले असेच असतात," नाना समाधानाने म्हणाले. हा आकडा त्यांचा स्वतःचा आहे, तो कुणी लिहून घेऊ नये.

कार्डोझोंच्या हिशेबाने नानांची बाजू भक्कम होती. दाराशी खोका ठेवला की त्या दारातून कुणीतरी बाहेर येणार, हे पार्सलवाल्यालाच काय, मांजरालाही कळतं. पण नुकसान मागायचं कुणाकडे? नोकराच्या चुकीला मालक जबाबदार, हे कायदा मानतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या चुकीला सहसा मानत नाही. आणि तो मुलगा नोकर नाही, 'पार्टनर' आहे. नफ्यात वाटा नसलेला हा भागीदार आता कायद्याच्या पुस्तकातही आला आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याला गिग कामगार म्हटलंय, म्हणजे मालक-नोकर या जुन्या नात्याच्या बाहेर राहून कमावणारा. नात्याबाहेरचा म्हटलं की निम्मं काम झालं.

मी म्हणालो, मग ग्राहक आयोगात जाऊ. भाची म्हणाली, मामा, ग्राहक तू आहेस आणि तुझा तवा छान आहे. शिवाय अशा कंपन्यांच्या अटींत भरपाईची मर्यादा बारीक अक्षरांत असते, आणि सही करणाऱ्याला ती बांधून घेते. 1996 साली भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात कुरियरने पाठवलेली कागदपत्रं पोहोचलीच नाहीत आणि हजारोंचं नुकसान झालं. सर्वोच्च न्यायालयाने पावतीवर छापलेली शंभर डॉलरची मर्यादाच उचलून धरली. पोस्टाची तर वेगळीच तऱ्हा. हरवलं, मोडलं, चुकीच्या घरी गेलं तरी सरकारला सहसा जबाबदार धरायचं नाही, अशी सोय 1898 च्या कायद्यातच होती.

त्यातली खरी गंमत तव्याची. नानांनी तो खोका वेळेवर पाहिला असता आणि 'कुणाचा तरी दिसतोय' म्हणून आत नेऊन ठेवला असता, तर 1872 च्या करार कायद्याने त्यांना लगेच जबाबदार धरलं असतं. दुसऱ्याची सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की ती शहाण्या माणसाने स्वतःची वस्तू सांभाळावी तशी सांभाळायची, मोबदला मिळो न मिळो. तव्याची सोय दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे. बोटाचं अजून आमच्या बैठकीत चाललं होतं.

मग भाचीने वहीत नावं लिहायला घेतली. पार्सलवाला. त्याला दिवसाला अमुक इतके पत्ते उरकायला लावणारी कंपनी. एक खिळा कमी ठोकणारा रंगारी. जिन्यातला दिवा न बदलणारी सोसायटी. इथे नाना जरा अवघडले, कारण सोसायटीचे खजिनदार तेच आहेत आणि दिव्याच्या खर्चाचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. "तुमचा वाटाही वजा करावा लागेल, आजोबा," ती म्हणाली. "नऊ उलटा झाल्याचं तुम्हाला माहीत होतं. याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात."

"मला माहीत होतं," नाना म्हणाले, "पण मला पार्सलं येत नाहीत ना."

नावं संपली असं वाटलं तेव्हा बायकोने तवा कसा मागवला होता ते आठवलं. म्हणजे मागवला तिने, पण फोन माझा. आणि त्या ॲपमध्ये दुपारी झोपमोड होऊ नये म्हणून मी कधीतरी एक खूण करून ठेवली होती, 'बेल वाजवू नका, दाराबाहेर ठेवा'. पार्सलवाल्याने त्या रात्री कुणाची बेल वाजवली नाही, कारण मी नको म्हटलं होतं. वाजवली असती तर नाना बाहेर आले असते आणि 'हा नऊ आहे' म्हणाले असते. मग तो मुलगा खाली आला असता, मी त्याच्या हातून खोका घेतला असता आणि त्याला पाणी हवं का, हेही कदाचित विचारलं असतं. कदाचितच. एरवी कधी विचारलंय?

वहीत मी स्वतःचं नाव लिहिलं. भाचीने त्याखाली रेघ मारली नाही, हा तिचा मोठेपणा. एक्स-रेचे आणि डॉक्टरांचे पैसे मी दिले. नानांनी ते घेतले आणि रीतसर पावती दिली, वर महसुली तिकीट लावून.

बिडाचा तवा लगेच कामाला येत नाही. आठवडाभर तेल लावून तापवावा लागतो. आठव्या दिवशी बायकोने घावनं घातली. पहिलं चिकटलं, दुसरं फाटलं, तिसऱ्यापासून कडा आपोआप सुटायला लागल्या. महाडच्या माणसाला घावनं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. एका हातात ताट, दुसऱ्यात चटणीची वाटी आणि खिशात एक खिळा घेऊन मी वर गेलो. बेल दाबायला हात मोकळा नव्हता, म्हणून ताट जरा उंबऱ्याशी टेकवलं आणि बेल दाबली.

आतून लंगडणारी पावलं जवळ आली आणि कडीपाशी थांबली.

"कोण आहे ते असो," नाना आतूनच म्हणाले, "खाली काही ठेवलं असेल तर आधी उचल, मग दार उघडतो."