न्यूयॉर्कला उतरायचं कुठे?

ह्यूस्टन,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर हॉटेलचा विषय निघाला की इकडून चौघं एकदम बोलतात आणि तिकडून आई फोन कानाला लावते. मग आम्हाला पडदाभर नुसता आईचा कान दिसतो. अशानं जानेवारी उजाडला तरी खोली ठरायची नाही, म्हणून सगळं एकदा कागदावर घालते. चहा घेऊन बसा, पत्र लांब आहे.

तुम्ही डिसेंबरात इथे पोचाल आणि आपण सहाही जण न्यूयॉर्कला जाऊ, इथपर्यंत एकमत आहे. पुढे नाही. थोरल्याला ३१ डिसेंबरच्या रात्री टाइम्स स्क्वेअरमध्ये तो चेंडू खाली येताना बघायचाय. १९०७ पासून हा चेंडू उतरतोय हे त्यानं मला तीनदा ऐकवलं. त्यासाठी दुपारपासून पोलिसांनी घातलेल्या कठड्यात उभं राहावं लागतं आणि आत संडासाची सोय नसते, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. बाहेर पडलं की जागा गेली. बाबा पुण्याच्या बसमध्ये नगर यायच्या आत दोनदा उतरतात, हे मी त्याला समजावलं. चेंडू टीव्हीवर बघायचा असं ठरलं.

तुमचे जावई म्हणाले, हॉटेल कशाला, कुणाचा तरी फ्लॅट चार दिवस भाड्यानं घेऊ, स्वयंपाकघर मिळेल. आईचा चेहरा खुलला होता, मला कानावरूनसुद्धा कळलं. पण सप्टेंबर २०२३ पासून न्यूयॉर्कनं कायदा कडक केलाय. तीस दिवसांहून कमी मुक्कामाला घर द्यायचं तर घरमालक स्वतः तिथे राहायला हवा आणि पाहुणे दोनच. आपण सहा. म्हणजे मालकासकट तीन घरं लागतील. जावयांनी एक्सेलमधला तो रकाना लाल केला.

तारखांचा घोळ मात्र सुटला. डिसेंबरात तिथे खोल्यांचे भाव डोक्यावरून जातात. नवं वर्ष लागलं की उतरायला लागतात. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे तिथला मंदीचा सीझन. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी असते, म्हणजे या वेळी १९ तारखेला. शनिवार-रविवार धरून मुलांची शाळा फारशी बुडत नाही. शिवाय १४ तारखेची संक्रांत घरी करून निघता येईल. आई, तीळगुळाचा डबा हातातल्या पिशवीत ठेव. त्या थंडीत त्याचा नुसता मान नव्हे, उपयोगही होईल.

आता मुख्य गोष्ट. बाबा, स्टेशन रोडच्या लॉजच्या काउंटरवर तुमची हयात गेली. थंडीचा सीझन लागला की पहाटेच्या गाडीनं उतरलेलं गिऱ्हाईक मफलर सोडता सोडता विचारायचं, ‘सकाळी अजिंठा करून दुपारी वेरूळ होईल ना?’ मग तुम्ही पाठ केलेलं म्हणायचात: वेरूळ तीस किलोमीटर, अजिंठा शंभर, तेही वेगळ्या दिशेला, सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. तुमचं ठाम मत होतं की लोक आधी खोली बघतात आणि मग रस्ता विचारतात, व्हायला हवं उलटं. त्याच नियमानं मी चौकशी केली. तिथलं मेट म्युझियम बुधवारी बंद असतं. आपण शुक्रवार ते मंगळवार जातोय, तेव्हा ते अडत नाही.

पण तुमच्या नियमात न्यूयॉर्कसाठी एक भर घालावी लागते. आपल्या शहरात पाहुणा सकाळी निघाला की लेणी बघून रात्रीच परतायचा. त्याला धुतलेली चादर आणि सकाळी बादलीभर गरम पाणी मिळालं की झालं. आपल्याकडे कडाक्याची थंडी म्हणजे दहा अंश आणि माकडटोपी. तिथे जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, दोन्ही अंगांना नद्या असल्यानं वारा उंच इमारतींच्या मधून नाकावर येतो आणि संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळतो. दहाला बाहेर पडलेली धाकटी दोनला रडायला लागणार आणि आईचे गुडघे तिच्याही आधी. म्हणजे दुपारी खोलीवर यायचं, पाय गरम करायचे, चहा घ्यायचा, डुलकी काढायची आणि दिवे लागले की पुन्हा निघायचं. थंडीत हॉटेल हे दुपारी परत येण्यासाठी घ्यायचं असतं. जिथून दुपारी परतता येत नाही ते कितीही स्वस्त असो, आपल्या कामाचं नाही.

या एका चाळणीतून निम्मी यादी गळाली. जर्सी सिटीत भाव बरे दिसत होते आणि जर्नल स्क्वेअरजवळ नेवार्क ॲव्हेन्यूवर आपल्या लोकांची दुकानंच दुकानं आहेत. आईनं तर ‘मग कामून पुढे शोधता?’ असं विचारलंच. पण तिथून मॅनहॅटनला जायचं म्हणजे नदीखालून जाणारी वेगळी गाडी, पलीकडे उतरून दुसरी गाडी, आणि दुपारी तेच सगळं उलट. एवढं करून कुणी डुलकीसाठी येत नाही.

मग जावयांना टाइम्स स्क्वेअरच्या पोटातलंच एक जुनं हॉटेल सापडलं. जाहिरातीत ‘सबवे दोन ब्लॉकवर’. हे दोन ब्लॉक कुठले, ते विचारावं लागतं. १८११ साली त्यांनी शहर पट्टीनं आखलं. आडवे ते स्ट्रीट, उभे ते ॲव्हेन्यू. वीस स्ट्रीट ओलांडले की मैल होतो, म्हणजे स्ट्रीटचे दोन ब्लॉक आई बोलता बोलता चालेल. पण ॲव्हेन्यूचे दोन ब्लॉक त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि तेही वाऱ्याच्या तोंडावर. खेरीज तिथल्या कितीतरी जुन्या इमारतींत वाफेवरची हीटिंग असते. १८८२ पासून तिथे रस्त्याखालच्या नळांतून इमारतींना वाफ पुरवतात. सिनेमात रस्त्यातून निघताना दिसतो तो धूर बऱ्याचदा तिचाच. खोलीतला रेडिएटर रात्री नळावर हातोडी मारल्यासारखा वाजतो आणि कधी कधी इतका तापतो की लोक बाहेर बर्फ असताना खिडकी उघडून झोपतात. बाबांनी हे ऐकून ‘गॅस वाया’ एवढंच म्हटलं असतं, पण रात्रभर म्हटलं असतं.

पण खरा निकाल लावला तो आईच्या गुडघ्यांनी. मी स्टेशन किती लांब ते बघत बसले होते. बघायला हवं होतं स्टेशनला लिफ्ट आहे का. न्यूयॉर्कच्या सबवेची ४७२ स्टेशनं आहेत आणि त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश स्टेशनांवर वर-खाली जायला लिफ्ट आहे. बाकी ठिकाणी जिने. वेरूळला कैलास लेणं बघून वरच्या डोंगरावर चढायचं नाही म्हणून खाली दगडावर बसून राहिलेली आई मला आठवते. ती इथे रोज चार वेळा जिने चढणार नाही.

या सगळ्यातून जे उरलं ते ईस्ट रिव्हरच्या पलीकडे, क्वीन्समध्ये, लाँग आयलंड सिटीत. तिथे हॉटेलं बरीच नवी आहेत, हीटिंगचं बटण खोलीतच असतं. जवळ कोर्ट स्क्वेअर स्टेशन, त्याला लिफ्ट. तिथून सात नंबरची गाडी धरली की तिसरं स्टेशन ग्रँड सेंट्रल, त्यालाही लिफ्ट. पुढे टाइम्स स्क्वेअर, तिथेही. दुपारी उलट यायचं, खोलीवर पडायचं. आपलं विमान लाग्वार्डियाला उतरतं, तेही क्वीन्समध्येच. आणि आई, हीच सात नंबर उलट्या बाजूला बसून शेवटपर्यंत गेलं की फ्लशिंग. तिथून थोडं बसनं पुढे गणपतीचं मंदिर आहे, १९७७ सालचं, आणि मंदिराच्या कँटीनमध्ये डोसा मिळतो. राजाबाजारच्या संस्थान गणपतीला सांगून निघ, इथल्या गणपतीची गाठ मी घालून देते.

पैशाचं सांगते, म्हणजे बाबांना जीएसटीवर बोलायला सोबत मिळेल. तिथे खोलीवर १४.७५ टक्के कर, वर खोलीमागे रोज साडेतीन डॉलर. दोनशेची खोली २३३ ला पडते. काही हॉटेलं त्याशिवाय ‘डेस्टिनेशन फी’ लावतात, म्हणजे तुम्ही त्यांच्या गावात आलात म्हणून. मे २०२५ पासून तसली सक्तीची फी आधीच भावात धरून दाखवायची असा नियम आलाय, तरी जावई शेवटच्या आकड्यापर्यंत गेल्याशिवाय खुर्चीतून उठत नाहीत. परत न मिळणारं बुकिंग थोडं स्वस्त होतं, ते घेतलं नाही. बर्फाचं वादळ आलं की विमानं रद्द होतात, आणि वादळ आपलं आरक्षण बघून येत नाही.

खोल्या दोन, मधे दार असलेल्या. एकेक खोली दोनशे चौरस फुटांच्या आसपास. सहा जणांच्या बॅगा उघडल्या तर माणसांनी पलंगावरच राहायचं. तेव्हा आई, ‘लागलं तर असू दे’ या सदरातलं सामान निम्मं कर. चेक-इन दुपारी तीन-चारला, चेक-आउट अकरा-बाराला. बाबा, चोवीस तासांचा हिशोब इथे चालत नाही, काउंटरवर वाद घालू नका.

न्हाणीघराबद्दल आधीच सांगून ठेवते. बादली नाही, तांब्या नाही. प्लास्टिकचा मग मी घेते. एक टब असेल. आई, तो न्हाण्याचा आहे, पाणी भरून ठेवण्याचा नाही. मला माहितीय, आठवड्यानं नळाला येणारं जायकवाडीचं पाणी भरून ठेवण्यात तुझं निम्मं आयुष्य गेलं आणि रिकामं भांडं दिसलं की तुझा हात आपोआप नळाकडे जातो. पण तिथे उद्याही पाणी येणार आहे, परवाही. बाबांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे न्यूयॉर्कचं पाणी दोनशे किलोमीटरपर्यंत लांबच्या डोंगरातल्या धरणांतून येतं आणि बहुतेक सगळं नुसत्या उतारानं. आपल्याकडच्या मलिक अंबरच्या नहरीचीच युक्ती, फक्त नळ मोठे. हे त्यांना सांगितलं की टब रिकामा राहील, कारण ते तासभर आईला नहरच समजावत बसतील.

किटली आणू नका. खोलीत कॉफीचं यंत्र असतं, चहाचं काही नसतं. तिकडची २३० व्होल्टची किटली इथल्या १२० व्होल्टवर लावली की तिची ताकद चौथाईवर येते. चार मिनिटांत उकळणारं पाणी पाव तास घेईल आणि तोवर आईनं हॉटेलवाल्याला, वीज मंडळाला आणि जावयांना बोलून घेतलेलं असेल. किटली मी इथली घेते. आलं, चहाची पत्ती, गवती चहा माझ्याकडे आहे. हिमरूची शाल मिरवायला आण; वाऱ्यासाठी लोकरीचं आणि जाड जॅकेट इथे घेऊ. हीटिंगनं खोलीतली हवा फार कोरडी होते, नाकात लावायला खोबरेल तेलाची छोटी बाटली ठेव.

तर बाबा, हॉटेल धरून ठेवलंय, आठवडाभर आधीपर्यंत रद्द करता येतं. तुमची हरकत असेल तर कळवा, पण कॉलवर नको. लिहून कळवा, आणि कारणासकट.

मुलांचे नमस्कार. जावयांचेही, एक्सेलमधून मान वर काढून.

तुमची,
ताई

ता. क. मधल्या दाराला दोन्ही बाजूंनी कडी असते. धाकटी पहाटे पाचला उठते आणि तिला आजी-आजोबा हवे असतात. तुमच्या बाजूची कडी उघडी ठेवा. ती तुमच्याकडे आली की आमच्या बाजूची आम्ही लावून घेऊ.