डीडी नंबर एक, डीडी नंबर दोन

एमडी रेडिओलॉजीच्या फायनलला बसलेला जेआर-थ्री कोल्हापुरात उजेडी सहसा भेटत नाही. दिवसा तो रिपोर्टिंग रूमच्या अंधारात असतो आणि रात्री अकराला रंकाळ्याच्या कठड्यावर. तिथं शेजारी बसलेला पार्टनर मोबाइलवर एकेक केस त्याच्या नाकापुढं धरतो.

“बोल भावा.”

“एमआरआय, सजायटल. मिडब्रेन झिजलंय, पॉन्स शाबूत. हमिंगबर्ड साइन. पीएसपी.”

“पुढचं.”

“पॉन्समध्ये पांढरी फुली. हॉट क्रॉस बन. एमएसए.”

हमिंगबर्ड अमेरिका खंडाबाहेर रानात कुठंही आढळत नाही, पण ह्याला तो करवीर तालुक्यातल्या म्हाताऱ्याच्या डोक्यात दिसतो. तो बन तर त्यानं जन्मात खाल्लेला नाही, सगळा अभ्यास चहा-खारीवर झालाय. विल्सनच्या आजारात त्याला पांडाचं तोंड दिसतं. कमरेच्या तिरक्या एक्स-रेत स्कॉटी कुत्रा दिसतो आणि त्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा दिसला, की मणक्याच्या पार्सला तडा गेलाय म्हणून ह्याला कोण आनंद! पेशंटच्या नातेवाइकांनी त्या क्षणी त्याचं तोंड बघू नये.

ज्युनिअरला शिकवायची त्याची रीत मात्र अस्सल इथली. मटण एकच, रस्से दोन. तसाच मेंदू एकच. टी-टूमध्ये पाणी पांढरं, टी-वनमध्ये काळं, आणि फ्लेअरमध्ये मेंदूभोवतीच्या पाण्याचा उजेडच मारायचा, म्हणजे त्याच्या कडेचे डाग उठून दिसतात. “मग कॉन्ट्रास्ट म्हणजे कांदा-लिंबू का सर?” असं एका ज्युनिअरनं विचारलं, तर हा पठ्ठ्या गंभीरपणे “तसं म्हणायला हरकत नाही” म्हणाला.

मिसळ येईपर्यंत तो हाउन्सफील्डची गोष्ट सांगतो. १९७१ साली लंडनच्या इस्पितळात पेशंटच्या मेंदूचा पहिला सीटी झाला. ते मशिन बनवणारा हा गडी एचएमव्हीच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआय कंपनीतला इंजिनिअर. १९७९ साली त्याला कॉरमॅकबरोबर वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि दोघांपैकी डॉक्टर एकही नाही! इथं तो क्षणभर थांबतो. नीट-पीजीत गेलेली वर्षं आठवत असावीत.

पण त्याचं खरं दुखणं म्हणजे डीडी, डिफरन्शियल डायग्नोसिस. एकच निदान सांगून मोकळं होणं त्याच्या स्वभावातच उरलेलं नाही. खानावळीत “सोलकढी का ताक?” विचारलं, तर “एक नंबरला सोलकढी, पण ताक पूर्णपणे रूल आउट करता येत नाही.” वाढपी दोन्ही आणून ठेवतो आणि बिलात लावतो.

मेंदूच्या सीटीत रिंग दिसली की जेवता जेवताच व्हायवा सुरू. दोन सेंटिमीटरच्या आत, कड गुळगुळीत, मध्ये ठिपका, म्हणजे सिस्टिसर्कस; तो ठिपका अळीचं डोकं. त्याहून मोठी, कड ओबडधोबड, शेजारी आणखी चार चिकटलेल्या, तर आधी टीबीची गाठ.

“आमी माळकरी. अंडंबी खात न्हाई. आमाला काय हुतंय?” शेजारच्या ताटावरचे काका.

“काका, डुकराचं अर्धकच्चं मांस खाणाऱ्याच्या पोटात पट्टकृमी वाढतो. पण त्याची अंडी मळक्या हातातनं, न धुतलेल्या भाजीतनं कुणाच्याही पोटात जातात आणि तिथनं अळ्या मेंदूत.”

काकांनी काकडीची कोशिंबीर हळूच बाजूला सारली.

रविवारी गावाकडनं मामा येतात, काखेत हे एवढं पाकीट. भाचा फिल्म खिडकीला धरतो आणि खालून मणके मोजतो. पुन्हा मोजतो. एखाद्याचा पाचवा मणका सॅक्रमला चिकटलेला असतो, नंबर चुकला तर परीक्षक फाडून खातील.

“गादी सरकलीया व्हय रं?”

“मामा, एल-फोर-फाइव्हला चकती काळी पडलीय, थोडी फुगलीय. नस मोकळी दिसतीय. तशी.”

“तशी म्हंजे? उसाला पाणी पाजाय जाऊ का नगं?”

“तसं फिल्मवरनं सांगता येत नाही. क्लिनिकल कोरिलेशन करायला लागंल.”

मामांनी पाकीट काखेत मारलं. “मग तेवढं चिठ्ठीवर लिहून दे. दसरा चौकातल्या मेडिकलात मिळंल न्हवं?”