किकभक्त

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळच्या चिचगडात, सकाळी पानठेल्यासमोर जो माणूस गाडीला किकवर किक मारत असतो, त्याला कोणी आळशी म्हणते, कोणी कंजूष. दोन्ही आरोप खोटे. आळशी माणूस घामाघूम होईस्तोवर किका मारत नाही आणि कंजूष माणूस चोक ओढून एवढे पेट्रोल जाळत नाही. हा किकभक्त. त्याच्या गाडीची बॅटरी केव्हाच बसलेली असते. हॉर्न खोकतो, इंडिकेटर एकदा डोळा उघडून कायमचा मिटतो, सेल्फचे बटण दाबले की नुसते ‘टक’ होते. तरी त्याचे उत्तर तयार असते, "सेल्फनं गाडी लाडावते जी!" उतार मिळाला की तो किकही वाचवतो, दुसरा गिअर टाकतो आणि मागून ढकलायला एखादा भाचा शोधतो. हे अज्ञान आहे असे समजू नका. हे ज्ञानच आहे, फक्त त्याची मुदत संपलेली आहे.

कारण एके काळी तो बरोबर होता. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० सारख्या गाड्यांत ठिणगीपुरती वीज इंजिन फिरले की मॅग्नेटोतूनच मिळे. बॅटरी मेली तरी गाडी किकवर सुरू होई. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी त्या गाडीची जाहिरातच होती. किकभक्ताने त्यातले ‘विसरून जा’ तेवढे मनापासून पाळले आणि बॅटरीलाही लागू केले. पुढे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही पेटता झाला आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. त्यानंतर बहुतेक मोटारसायकलींत फ्युएल पंप आणि छोटा संगणक बसला. त्या दोघांना वीज लागते. बॅटरी पार मेली तर किकचा भरवसा नाही, आणि काही मॉडेलांना तर किकच नाही. तिथे भक्ताने पाय मारायचा कुठे?

गंमत अशी की बॅटरी मारतोही तोच. बॅटरी नवी असताना घरून पानठेल्यापर्यंत आणि तिथून परत, एवढ्याशा फेऱ्यांसाठी दर वेळी सेल्फ मारला, तर खर्च झालेली वीज तेवढ्या अंतरात भरून निघत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मे महिन्यातले ऊन आतले पाणी उडवते, आणि ज्या थंडीत गोंदियाचा पारा विदर्भात अनेकदा सर्वांत खाली असतो, ती थंडी हा सगळा आजार उघड करते. मग भक्त उपचाराला लागतो. झाकणाच्या बॅटरीत तो बोअरचे पाणी ओततो किंवा मेकॅनिककडून आसिड टाकून आणतो. खरे तर उडते ते पाणी, आसिड आतच राहते. म्हणून भरायचे ते डिस्टिल्ड वॉटर, तेही वरच्या खुणेपर्यंतच. सीलबंद बॅटरीत काहीच ओतायचे नसते, पण ओतायला भोक नाही याचाही त्याला राग येतो. दसऱ्याला गाडीला हार चढतो, नारळ फुटतो. साइड पॅनेलखालच्या टर्मिनलवरचा पांढरा बुरा मात्र तसाच.

यावर कोणी म्हणेल, शहरात बसून हसणे सोपे आहे. इथे हातात पैसा येतो तो धान विकल्यावर, नाहीतर तेंदूपत्त्याच्या हंगामात. मधल्या महिन्यांत हजार-दीड हजार काढायचे कुठून? आक्षेप खरा आहे, आणि नवी बॅटरी पुढे ढकलण्यात भक्ताचा हिशेब चुकत नाही. पण निगा राखायला हंगाम लागत नाही. बुरा गरम पाण्याने धुवून टर्मिनलला व्हॅसलिन लावायला कितीसा खर्च? गाडी बंद ठेवून काही तासांनी मोजल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. मीटर कोणत्याही इलेक्ट्रिशियनकडे असतो. चार्जिंगलाही घाई नको. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने करंट द्यावा, म्हणजे ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. ट्रॅक्टरच्या चार्जरवर तासाभरात उकळलेली बॅटरी दोन दिवस उत्साह दाखवते आणि कायमची बसते.

तेव्हा निकाल असा: किकवरची भक्ती ठेवा, पण बॅटरीचा राग सोडा. बदलताना निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी जोडा, नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना चेसिसला टेकून ठिणगी उडते. जुनी बॅटरी कोपऱ्यात टाकू नका. तिच्यातल्या शिशाचे पैसे नवीच्या किमतीतून कापून घ्या, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.